चौकोनीच हवा

माझा मॉनिटर गेला तो एका मंगळवारी, दुपारच्या चहाच्या जरा आधी. पडद्याच्या मधोमध एक पांढरी आडवी रेघ उरली, तिचा ठिपका झाला आणि मग तोही गेला. खाली कॉम्प्युटरचा डबा मात्र चालू होता, त्याच्या पंख्याची घरघर नेहमीसारखी येत होती. समोरच्या काळ्या काचेत माझाच चेहरा दिसला तेव्हा मला असा संताप आला की मी मॉनिटरच्या कानाखाली एक वाजवली. वीस वर्षांत तो दर वेळी चापटीने शुद्धीवर यायचा. या वेळी आला नाही.

मी देवासला राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत मराठी टायपिंगची कामं करते. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, तेराव्याच्या चिठ्ठ्या, समाजाची वार्षिक पत्रकं. देवास आणि धारच्या मराठी घरांत काहीही छापायचं असलं की कागद माझ्याकडे येतो. इथले छापखानेवाले हिंदी झकास करतात, पण मराठीला हात लावला की घोळ घालतात. एकाने ‘आहेर आणू नये’ याचं ‘आहार आणू नये’ केलं होतं, आणि अडीचशे पत्रिका वाटूनही झाल्या होत्या. त्या लग्नाच्या पंगतीत बसलेल्यांनी ती पत्रिका अजून जपून ठेवली आहे. तेव्हापासून लोक मला ‘मराठीवाली बाई’ म्हणतात आणि मी ते आनंदाने ऐकून घेते.

माझं यंत्र जुनं आहे, हे मला मान्य आहे. त्यातलं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअरही तितकंच जुनं आणि ते फक्त त्याच डब्यात चालतं. पुण्याला असलेला माझा मुलगा कॉम्प्युटरमधलाच आहे. त्याने एकदा माझ्या फायली नव्या लॅपटॉपवर चढवून बघितल्या, तर सगळी जोडाक्षरं फुटून पडली आणि वेलांट्या भलत्याच अक्षरांच्या डोक्यावर जाऊन बसल्या. मी त्याला म्हटलं, असू दे, तू तुझं बघ.

मॉनिटर गेला तेव्हा माझ्या हातात जे काम होतं ते असंतसं नव्हतं. धारला आमच्या गल्लीत, माझ्या माहेरच्या घरासमोर, एक उपाध्ये राहतात. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणते. माझी मंगलाष्टकं त्यांनीच म्हटली. धारपासून देवासपर्यंतच्या मराठी घरांतले कुळाचार, कुठल्या सणाला काय मांडायचं, काय म्हणायचं, कोणाला बोलवायचं, हे सगळं त्यांनी आयुष्यभर एका वहीत लिहून ठेवलं होतं. त्यांची भाषा आमच्या पणजोबांच्या वेळची. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे ती ऐकून हसतात. काकांना त्या वहीची पुस्तिका करायची होती, म्हणजे त्यांच्यामागे घराघरांत ती राहील.

त्यांची अट एकच होती. छापायला जाण्याआधी प्रत्येक अक्षर ते स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. यापूर्वी एकदा त्यांच्या नावाने एक छोटं स्तोत्र न दाखवता छापलं गेलं होतं, त्यात देवीच्या नावातच चूक झाली आणि पुढची कित्येक वर्षं लोक त्यांच्या तोंडावर ती चूक म्हणून दाखवायचे. माणूस मानी. त्यांना ते अजून लागलेलं होतं.

आणि त्यांचे डोळे चालले होते. काचबिंदू. इंदूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलं ते परत येणार नाही, आणि उरलंय ते किती दिवस राहील ते कोणी सांगू शकत नाही. छप्पन पानांतली सदतीस माझी करून झाली होती. एकोणीस राहिली होती. अशात माझ्या मॉनिटरने मान टाकली.

दुरुस्तीवाला घरी आला, मागचं झाकण काढून त्याने आत टॉर्च मारली आणि म्हणाला, “आंटीजी, ट्यूब गई. अब इसका सामान नहीं आता.” मुलाला फोन केला तर त्याने तिथूनच नवा कॉम्प्युटर मागवायची तयारी दाखवली. मला नवा कॉम्प्युटर नको होता, मला फक्त डोळा हवा होता. तर आमचे हे, म्हणजे माझे यजमान, बाजारात जाऊन, नाही पटला तर परत द्यायच्या बोलीवर, एक नवा मॉनिटर बघायला घेऊन आले. लांबच लांब, पातळ, दिसायला देखणा. माझ्या डब्याची जुनी निळी पिन त्याला कशीबशी लागली. पडदा उजळला आणि मी कपाळावर हात मारला. माझ्या यंत्राला चौकोनी चित्रच पाठवता येतं आणि तो पडदा ते दोन्हीकडून ताणून आपल्याएवढं करत होता. सगळी अक्षरं सुजली होती. ‘श्री’ मांडी घालून बसल्यासारखा दिसत होता.

हे म्हणाले, कागदावर तर बराबर येईल ना. कागदावर बरोबर येईल हे मलाही कळत होतं. पण मी पान डोळ्यांनी जुळवते. ओळ कुठे मोडायची, दोन शब्दांत किती हवा सोडायची, हे मी मोजत नाही, बघते. ज्याच्यावर सगळंच खोटं दिसतं त्याच्यावर मी काय बघणार? शिवाय किंमत ऐकली आणि मी तो खोक्यात परत घातला. माझ्या महिन्याच्या कामाचे पैसे त्या सुजलेल्या अक्षरांत घालायची माझी तयारी नव्हती.

“मला चौकोनीच हवा,” मी म्हटलं.

देवासमधल्या सगळ्या दुकानांतून आम्ही फिरलो. चौकोनी मॉनिटर म्हटलं की पोरंसोरं अशी बघायची की मी जात्याचा खुंटा मागतेय. एकाने सांगितलं, दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं, दहा पडले होते, भंगारात दिले. मी घरी येऊन त्या दहांचा हिशेब करत जेवले नाही. तेवढ्यात धारहून काकांचा फोन आला. ते तक्रार करणाऱ्यांतले नाहीत. इतकंच म्हणाले, “पोरी, जमल्यास थोडी त्वरा कर.”

तेव्हा मी ठरवलं की पडदा नाही तर नाही, मी न बघता टाइप करीन.

यात बढाई आहे, ती मी मारणारच. धारला लग्नाआधी मी टायपिंग शिकले तेव्हा आमचे मास्तर यंत्रावर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली हात घालून पान काढायला लावायचे. बोटांना अक्षरं तेव्हापासून पाठ. सॉफ्टवेअरच्या कळाही पाठ होत्या. फाइल उघडायला दोन कळा, बाण पाच वेळा खाली, एंटर. छापायला दुसऱ्या दोन. पान प्रिंटरमधून बाहेर आलं की मी ते तपासायची. चूक दिसली की परत फायलीच्या सुरुवातीला जायचं, सतरा ओळी खाली उतरायचं, पाच शब्द उजवीकडे सरकायचं, एक अक्षर पुसायचं, एक घालायचं. आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ होता, पण मी जिंकत होते.

अडचण एकच होती. वहीकडे बघत टाइप करताना ओळ संपली की माझी मान सवयीने पडद्याकडे वळायची, काळी काच दिसायची आणि वहीतली जागा हरवायची. म्हणून यांना वाचायला बसवलं आणि मी डोळे मिटून घेतले.

आता यांच्याबद्दल सांगायला हवं. हे पीपलरावां गावचे. तिथे सगळ्या गावात मराठी घर यांचं एकच, शाळा हिंदी, खेळगडी माळव्यातले, आणि पुढे नोकरी देवासच्या कारखान्यात. संसाराला इतकी वर्षं झाली पण यांना ‘ळ’ काही आला नाही. वाचतानाही ळ दिसला की यांच्या तोंडून ल येतो. ‘केलीचे फल ठेवावे’, ‘दुपारी नारल फोडावा’, असं हे अगदी गंभीरपणे वाचत होते आणि माझी बोटं ते ऐकून आपोआप केळीचे फळ आणि नारळ करत होती. मी मधेच हसले की हे वही मिटून म्हणायचे, “हसायचं असेल तर मी चाललो. मी काय तुझा नोकर आहे का यार?” मग मी चहा करून द्यायची आणि परत सुरू.

सहा दिवसांत एकोणीस पानं झाली. शेवटचं पान प्रिंटरमधून आलं तेव्हा मी ते दोन्ही हातांत धरून घरभर फिरले. त्या सगळ्या पानांत आम्हाला फक्त बारा चुका सापडल्या होत्या आणि त्या मी न बघता काढल्या होत्या. माझ्या वयाच्या बाईने, पडदा नसलेल्या यंत्रावर. मला माझाच अभिमान वाटला आणि तो मी यांच्यापासूनही लपवला नाही.

छप्पन पानं पिशवीत घालून आम्ही दोघं इंदूरमार्गे धारला गेलो. काका खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसले होते. ते एकटेच राहतात, शेजारची सून दोन वेळा ताट आणून देते. त्यांनी पुसून ठेवलेलं भिंग घेतलं, पहिलं पान हातात घेतलं आणि उजेडाकडे धरलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, शाबासकीची वाट बघत. मग ते म्हणाले, “शाई फिकी आहे काय?”

शाई फिकी नव्हती. त्यांनी पान उलटं धरलं होतं.

हे माझ्या लक्षात आलं. मी पान सरळ करून त्यांच्या हातात दिलं. त्यांना ते कळलं. मानी माणसाला असं कळणं म्हणजे काय, ते त्यांच्या हातांकडे बघून समजत होतं. त्यांनी भिंग खिडकीत ठेवून दिलं. यांनी लगेच मोबाइल काढला, पानाचा फोटो घेतला आणि बोटांनी मोठा करून काकांच्या डोळ्यांपुढे धरला. पण मोठं करावं तसं अक्षर पिंजारत होतं, आणि काकांचा हात लागला की ओळ भलतीकडेच पळत होती. दोन-तीनदा असं झाल्यावर काकांनी फोन बाजूला सारला आणि मला म्हणाले, राहू दे, तूच वाचून दाखव, मी ऐकतो.

मी वाचायला लागले. दुसऱ्या ओळीलाच त्यांनी थांबवलं. म्हणाले, नको. ऐकणे म्हणजे पाहणे नव्हे. ‘तेव्हाही त्यांनी मला वाचूनच दाखवले होते.’ हे त्या जुन्या स्तोत्राबद्दल होतं. मग बोलता बोलता त्यांनी सांगितलं की इंदूरच्या दवाखान्यात दिव्याच्या पाटीवरची मोठी अक्षरं त्यांना वाचता आली होती. कागदावरचं दिसत नाही, पण जे आतून उजळलेलं असतं, मोठं असतं आणि हलत नाही, ते अजून दिसतं.

मी पानं गोळा केली आणि यांना म्हटलं, उठा.

आतून उजळलेलं, मोठं आणि न हलणारं. मॉनिटरचं याहून चांगलं वर्णन मी ऐकलेलं नाही. आता तो मला माझ्यासाठी नको होता. बसस्टँडवर हे म्हणाले, मग देवासचा तो लांबडाच घेऊन टाकू, आता काय चौकोनी आणि काय गोल. मी म्हटलं, धड डोळ्याला सुजलेलं अक्षर ओळखता येईल, तो अंदाज बांधतो. काकांचा डोळा आता आकारावरच चालतो, तो आकारच खोटा दाखवला तर ते काय वाचतील? हे गप्प बसले. ते पटल्यावर गप्प बसतात, हा त्यांचा मोठा गुण आहे.

यांचं डोकं मात्र कारखान्याचं. कारखाने ऑफिसातलं जुनं सामान ढिगाने काढून टाकतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून सरळ इंदूरला न जाता आम्ही वाटेत कारखान्यांच्या पीथमपूरला उतरलो. शिफ्टच्या बसगाड्या उभ्या राहतात तिथून आत, एका पत्र्याच्या शेडमध्ये, कीबोर्डांचे ढीग, वायरींचे भारे, खुर्च्यांचे पाय, आणि भिंतीला टेकून एकावर एक रचलेले मॉनिटर. चौकोनी. सगळे चौकोनी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि मी ते पदराने टिपून घेतलं, कारण दुकानदारासमोर डोळ्यांत पाणी आणलं की भाव वाढतो.

“भिया, चालू कौन-सा है?” यांनी विचारलं.

“सब चालू हैं, बाबूजी. एकदम मक्खन.”

मी म्हटलं, लावून दाखव. त्याने एक लावला, तो गुलाबी पडत होता. दुसऱ्यात मधोमध हिरवी रेघ. तिसरा चांगला लागला आणि मी म्हटलं तसाच अर्धा तास चालू राहू दे, तापल्यावर कळेल. तो हसला. वीस मिनिटांनी तो मॉनिटर लुकलुकायला लागला आणि त्याचं हसू थांबलं. चौथा काळा, सतरा इंची, एका कोपऱ्यावर कुणीतरी हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. कुठल्यातरी ऑफिसात दसऱ्याला त्याची पूजा झाली असणार. तो अर्धा तास चालला, पाऊण तास चालला, पांढरा पांढरा राहिला आणि काळा काळा. त्याने बाराशे सांगितले. मी सातशे म्हटलं आणि पिशवी उचलून निघाले. शेडच्या दारापर्यंत गेल्यावर त्याने हाक मारली. वायरसकट साडेआठशेला सौदा झाला. त्या लांबड्याच्या किमतीत मी असे सात आणले असते, पण मला एकच पुरे होता.

घरी आल्यावर तो माझ्या डब्याला लावला. माझी अक्षरं जशी होती तशी उभी राहिली, सडपातळ, ताठ. मग मुलाला फोन करून सगळं सांगितलं. त्याने या वेळी नवं घेण्याचा विषय काढला नाही. कोणत्या तीन कळा एकदम दाबल्या की पडदा काळा आणि अक्षरं पांढरी होतात ते त्याने सांगितलं, आणि फायलीची एक प्रत काढून तीच मोठी कर, मूळ फायलीला हात लावू नकोस, अशी ताकीद दिली. मी अक्षर वाढवत वाढवत नेलं. शेवटी एका पडद्यावर तीन-चार शब्द मावतील इतकं मोठं केलं.

शनिवारी आम्ही ते सगळं बिऱ्हाड घेऊन परत धारच्या बसमध्ये बसलो. डबा यांच्या पायांत, मॉनिटर गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर. कंडक्टरने विचारलं की गोधडीत काय आहे. हे म्हणाले, मॉनिटर. “किस क्लास का?” त्याने विचारलं आणि सगळी बस हसली. त्याने सामानाचं तिकीट लावलं नाही. उलट पुढे खड्डे आहेत, बाई, घट्ट धरा, म्हणून बजावून गेला.

काकांच्या खोलीत जेवणाच्या चौरंगावर दोन उशा ठेवल्या आणि त्यावर मॉनिटर. त्यांची खुर्ची अगदी जवळ ओढली. खिडकी लावून घेतली. मी कळ दाबली आणि काळ्या पडद्यावर पांढरे शुभ्र तीन शब्द आले.

काका पुढे वाकले. त्यांचं नाक काचेला लागेल इतके. डावीकडून उजवीकडे त्यांची मान हळूहळू सरकली.

“श्री. गणेशाय. नमः,” ते म्हणाले. मग थांबून, “पुढे ने.”

मी पुढे नेलं. तीन शब्द, कळ. चार शब्द, कळ. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर, मधे त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब. आम्ही चार दिवस त्यांच्याकडे मुक्काम केला. शेजारची सून आमचीही ताटं पाठवू लागली. काका वाचत होते ते सावकाश, पण एकदाही अडखळले नाहीत. कधी एखाद्या शब्दावर थांबून ‘हे चांगले उतरले आहे’ म्हणायचे. तेव्हा मी शाळेतल्या पोरीसारखी खूश व्हायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पडद्यावर आलं, ‘माहेरून मूल यावे’. काका थांबले.

“ह्यात मूल कोठून आले?”

मी म्हटलं, काका, पहिल्या दिवाळसणाला माहेराहून न्यायला कोणी मूल येतं, तसं असेल. मला खरंच तसं वाटत होतं. टाइप करताना वाटलं होतं आणि कागदावर तपासतानाही वाटलं होतं. लहान भाऊ येतो की बहिणीला न्यायला.

“मूळ,” काका म्हणाले. “मूळ यावे. लेकीला सासरहून आणण्यास माहेरचे माणूस जाते, त्यास मूळ म्हणतात. मूळ आल्याखेरीज लेकीने उंबरा ओलांडायचा नसतो. मूल येऊन काय करील?”

मग मी सावकाश यांच्याकडे वळले. हे छताकडे बघत होते. वही काढून बघितली, तर स्वच्छ ‘मूळ’ लिहिलेलं. यांनी ‘मूल’ वाचलं. एरवी दर ल मागचा ळ ओळखणारी माझी बोटं तिथे फसली, कारण मूल हाही शब्दच होता आणि वाक्यात नीट बसत होता. आणि हा शब्द आम्ही दोघंही विसरलो होतो. माझ्यासाठी शेवटचं मूळ आलं त्याला इतकी वर्षं झाली होती, माहेरचं घर विकून गेलं होतं, की त्याला काही नाव असतं हेच मला आठवलं नव्हतं. मी तिथे रडले. काकांना ते दिसलं नसावं, पण ऐकू आलं असणार.

हे म्हणाले, “काका, गलती माझी आहे. मी वाचला तसा.”

“जावईबापू,” काका म्हणाले, “तुम्ही वाचलेत, हिने टंकिले, मी पाहिले. तिघांचे काम तिघांनी केले. चूक दुरुस्त करा आणि पुढे न्या.”

मी मूळ फाइल उघडून ते अक्षर बदललं. काकांनी ते मोठं करून दाखवायला सांगितलं. मी इतकं मोठं केलं की एकटा ‘ळ’ पडदाभर उभा राहिला, न ताणता, न सुजता. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, एक वळसा, दुसरा वळसा, आणि मान हलवली. छप्पन पानांत त्यांनी काढलेली ती एकच चूक. धड डोळ्यांच्या दोन माणसांना जी दिसली नव्हती, ती त्या उरल्यासुरल्या नजरेने पकडली. मला लाज वाटायला हवी होती, पण वाटला तो अभिमानच. माझ्या काकांचा.

पुस्तिका छापून झाली तेव्हा पाऊसकाळ संपला होता. दिवाळीच्या आधी धारहून फोन आला. काका म्हणाले, मला येणे जमायचे नाही आणि पाठवायला माणूस नाही, तेव्हा हा फोन म्हणजेच मूळ समज आणि सणाला ये. मी यांना म्हटलं, बॅग काढा, माझं मूळ आलंय.

आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या खोलीत समाजाची दहाबारा माणसं जमली होती. काकांच्या मांडीवर पुस्तिकेची प्रत होती. मी समोर जाऊन उभी राहिले तरी त्यांनी वर बघितलं नाही, मी बोलले तेव्हा आवाजाकडे मान वळवली. डोळे गेले होते. शेजारच्या सुनेने मला हळूच सांगितलं, महिना झाला.

कोणीतरी त्यांना विचारत होतं की काका, नीट छापलंय ना, कोणाकडून तपासून घेतलंत का. काकांनी पुस्तिकेवर हात ठेवला.

“मी स्वतः पाहिले आहे,” ते म्हणाले. “अक्षर न् अक्षर.”